उत्तर येतं, वेळ लागतो

९ जून

आशीर्वाद शेवटी. आधी ऐकून घे.

फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो ताई, बरोबर आहे ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदही तसा अर्ध्यावर ठेवता येतो म्हणा, पण निदान ते मला ऐकू येत नाही.

भिंगरीच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. वर्गशिक्षिकेने तुझ्या लेकीचे गेल्या वर्षीचे पेपर माझ्यासमोर टेबलावर पसरले. सगळ्यांची तीच तऱ्हा. पहिलं पान भरलेलं, अक्षर वर चढलेलं, खाली घसरलेलं, आणि पुढे कोरं. "मुलगी आळशी आहे," बाई म्हणाल्या. "खिडकीबाहेर बघत बसते. एक वाक्य उतरवायला सांगितलं तर सगळा वर्ग फळा पुसायची वाट बघत बसतो. घरी कुणी लक्ष देत नाही का?" भिंगरी शेजारीच उभी होती. तिच्यासमोर बोलतोय याचं त्यांना काही नव्हतं.

मी म्हटलं, "लक्ष मीच देते. मी आत्या तिची."

"आणि आई-वडील?"

"आई नाही. वडील बाहेरगावी कामाला असतात."

बाईंनी नुसतं "हं" केलं. त्या एका "हं"मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या घराची इयत्ता काढली. मी काही बोलले नाही. बोलायचं होतं खूप, पण बोलायला लागले असते तर नको ते बाहेर आलं असतं.

परत येताना ती फुटपाथच्या कडेला अडखळली. मी हात धरायला गेले तर झटकला. चौदा वर्षांची घोडी झाली आहे, रस्त्यात आत्याने हात धरायचा म्हणजे तिची लाज जाते. बरोबर आहे. पण जिन्यावर कठड्याशिवाय अजून उतरत नाही, भरलेला पेला दिला की बशीत सांडतो, आणि शर्टाची वरची गुंडी लावता लावता शाळेची घंटा होते. आठवतं का, चालायच्या वयात ही चालली नव्हती? बसल्या जागी हाताने ढकलत स्वतःभोवती गोल फिरायची. तूच नाव ठेवलंस, भिंगरी. आपण सगळे पोट धरून हसलो होतो. कुणाच्याही मनात आलं नाही की दाखवून आणावं.

आता मुद्द्याचं. तिला जन्मापासून एचआयव्ही आहे हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, दवाखान्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त तिला. तुझी बायको गेली, मग तुझी तपासणी झाली, मग तिची, आणि तू तिला माझ्याकडे सोडून निघालास तेव्हा दारात म्हणालास, "ताई, तिला तू सांगू नकोस. मोठी झाली की मी येईन, माझ्याच तोंडून कळू दे." मी शब्द दिला. तेव्हापासून मी "तुझं रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या" असं सांगत आले आहे. हल्ली ती माझ्याकडे असं बघते की खोटं बोलताना मला भांड्यांकडे तोंड करावं लागतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणतात, आता सांगायलाच हवं, उशीरच झालाय. आणि शाळेतल्या या प्रकारासाठी एक चाचणी करून घ्या म्हणतात. तू ये. चाचणीला नाही आलास तरी चालेल, सांगायला ये.

पत्र वाचून झालं की फाडून टाक. तुझ्या खोलीत आणखी माणसं राहतात, मला कळतं.

तुझी ताई

२७ जून

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, शेरा म्हणायचा. "शिकवणी लाव. तिच्या वयाचा असताना मीही ढ होतो. पुढचं पुढे बघू." तू ढ नव्हतास. तू उनाड होतास. दोन्हींतला फरक मला चांगला कळतो, तुझ्या पाठीमागे काठी घेऊन आईऐवजी मी धावले आहे.

चाचणी झाली. एका छोट्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि एक चष्मेवाली बाई. मला कोपऱ्यात बसवलं आणि बजावलं, "तुम्ही बोलायचं नाही." मला! मी दिवसभर लोकांना गाडी शिकवते, बोलणं हाच माझा धंदा. तरी ओठ आवळून बसले.

आधी एक फळी दिली, भोकं असलेली, आणि वाटीभर छोट्या खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. बाईंच्या हातात घड्याळ. भिंगरी एक खुंटी उचलायची, ती बोटात फिरायची, पडायची, पुन्हा उचलायची. टेबलाखाली माझा पाय ब्रेक शोधत होता. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो ना, तशी सवय लागलीय, समोरचा चुकायला लागला की पाय आपोआप खाली जातो. इथे दाबायला काहीच नव्हतं.

मग आकडे. बाई सांगतील ते उलट्या क्रमाने म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्यापाशी ती गडबडली. मग एक आकृती बघून काढायची. तिने काढली ती बरोबर होती, पण बाईंचा चहा गार झाला. मग बाईंनी एक गोष्ट वाचून दाखवली, एका नावाड्याची, आणि मध्ये दुसरी कामं देऊन नंतर विचारलं, काय काय आठवतं? सगळी सांगितली रे. अगदी नावाड्याच्या टोपीच्या रंगासकट. वर बाईंनाच म्हणते, "पण नदीला पूर होता ना? मग पलीकडचा माणूस हाक मारतो ती नावाड्याला ऐकू कशी येते?" बाई हसल्या. म्हणाल्या, "आजवर कुणी विचारलं नव्हतं."

नंतर डॉक्टरबाईंनी मला बसवून समजावलं. पोरीची समज चांगली आहे. कमी आहे तो वेग. डोक्यात आलेलं हातापर्यंत पोचायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि एका वेळी पुष्कळ गोष्टी डोक्यात धरून ठेवणं जड जातं. चाल, तोल, बोटांचं बारीक काम, सगळ्यात थोडं थोडं मागे आहे. मी विचारलं, आजारामुळेच ना? त्या म्हणाल्या, "बहुतेक. औषध सुरू झालं तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्याआधी मेंदूची वाढ होत होती आणि विषाणूला अडवणारं काही नव्हतं. पण आई गेली, घर बदललं, वजन कधीच नीट भरलं नाही, त्याचाही वाटा असतो. कशाचा किती, हे मी सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका."

"भरून येईल?"

"सरावाने सुधारेल. औषध चुकलं नाही तर आणखी बिघडू नये. इतरांसारखी होईल असं मी म्हणणार नाही."

मला राग आला. कुणाचा ते विचारू नकोस. डॉक्टर खरं बोलल्या, त्यांचा कसा येईल? पण यावा लागतो ना कुणाचा तरी.

घरी आल्यावर भिंगरीने विचारलं, "मी नापास झाले का?" मी म्हटलं, यात पास-नापास नसतं. ती म्हणाली, "आत्या, माझे हात बहिरे नाहीत. त्यांना मी सांगितलेलं ऐकू जातं. उशिरा जातं." मग बराच वेळ बुटाची नाडी सोडवत बसली. मी तिथून उठून गेले, नाहीतर वाकून मीच सोडवली असती.

येणार आहेस की नाही ते सरळ लिही.

ताई

१९ जुलै

तू "बघतो" लिहिलंस. बघ. आता काय काय बघायचं आहे ते सांगते.

माझ्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर गाडी शिकतात. सज्जन माणूस, पण वळण आलं की डोळे मिटतो. शाळा सुटल्यावर भिंगरी मागच्या सीटवर बसून राहते, मला तिला घरी एकटं ठेवायला आवडत नाही. तिला त्यांची फार मजा वाटते. मंगळवारी ती सर्दीने घरी होती. सिग्नलला थांबलो तेव्हा पोस्टमास्तरांनी चष्मा पुसायला काही मिळतं का म्हणून समोरचा कप्पा उघडला. एक कागदाची पुडी बाहेर आली आणि फुटली. त्यांच्या मांडीवर, गिअरच्या खाचेत, सगळीकडे गोळ्या. काही चोखून थुंकल्यासारख्या, रंग गेलेल्या.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" त्यांनी विचारलं. मागून हॉर्न वाजत होते.

मी त्या गोळ्या बघताक्षणी ओळखल्या. रोज मीच तिच्या तळहातावर ठेवते. पाणी देते. गिळली का विचारते. ती मान डोलावते. मूठभर साठल्या होत्या, म्हणजे केव्हापासून ही गोळी गालात धरून ठेवत होती कोण जाणे. घरात मी कानाकोपरा झाडते म्हणून लपवायला गाडी शोधली. माझ्या नाकासमोर, माझ्याच गाडीत!

घरी जाऊन पुडी तिच्या पुढ्यात आपटली. खूप ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही. कंपासपेटी भिंतीवर फेकली एवढं लिहिते, कारण ती फुटली आणि नवी आणावी लागली, तू आलास की तिच्याकडून कळेलच.

"का केलंस हे? बोल!"

मी पुन्हा, "बोल ना!" आणि मग मला त्या चष्मेवाल्या बाई आठवल्या, "तुम्ही बोलायचं नाही." खाली बसले. थांबले. किती अवघड असतं रे ते.

शेवटी म्हणाली, "गोळ्यांनीच मी अशी झालेय."

"अशी म्हणजे कशी?"

"ढ. धडपडणारी. वर्गात कुणीच गोळ्या घेत नाही, त्यांचे हात नीट चालतात. मी घेते, माझे चालत नाहीत. म्हणून बंद करून बघत होते. हात सुधारतात का ते."

सांग बघू, यात चूक काय आहे? तिच्याजवळ जेवढी माहिती होती तेवढ्यात तिने बरोबर विचार केला. पडताळूनही बघत होती. उरलेली माहिती तू आणि मी दाबून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला दिलं. मागच्या तपासणीत विषाणू जवळजवळ सापडत नव्हता, आता पुन्हा वर गेला आहे. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, औषध आत्ताच्या आत्ता नियमित सुरू करा, ते अजून लागू पडतंय का हे काही आठवड्यांनी बघू. नाही पडलं तर बदलावं लागेल. आणि म्हणाल्या, "कशासाठी घेतेय हे माहीत नसताना कुठलं पोर रोज गोळी गिळेल?"

येत्या शनिवारी सकाळी दवाखान्यात समुपदेशकताई बसतात. त्या अशा मुलांना सांगायचं काम नेहमी करतात, आपल्याला एकट्याला सांगावं लागणार नाही. तू शुक्रवारी निघ. आलास तर तुझ्या तोंडून. नाही आलास तर माझ्या. दिलेला शब्द मी शनिवारपर्यंतच पाळणार आहे.

ताई

३ ऑगस्ट

तुझा फोन आला तेव्हा आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. "ताई, अर्ध्या वाटेपर्यंत आलोय. माझ्याच्याने होत नाही गं." मागे बसस्टँडचा गोंगाट होता, म्हणजे खरंच आला होतास. तो गोंगाट ऐकून मला जास्त संताप आला. घरून न निघणारा माणूस परवडला.

भिंगरीने विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "तुझे बाबा. येत नाहीयेत." निदान तेवढं तरी खरं सांगितलं.

ऐकायचं आहे ना? मग ऐक.

समुपदेशकताईंनी आधी तिलाच विचारलं, तुला काय वाटतं, गोळ्या कशासाठी असतील? ती म्हणाली, "रक्त कमी आहे म्हणतात. पण रक्त कमी असलेल्यांना पालेभाज्या खा सांगतात. मला कुणी सांगत नाही." मग ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. तयार करून नेलेलं सगळं विसरले. म्हटलं, "भिंगरी, तुझ्या अंगात एचआयव्हीचा विषाणू आहे. तू पोटात असताना आईकडून आला. आईला माहीत नव्हतं. गोळ्या त्याला दाबून ठेवतात. गोळ्यांनी तू अशी झाली नाहीस, गोळ्या उशिरा मिळाल्या म्हणून झालीस."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. शाळेतल्या बाई ज्याला आळस म्हणतात ना, ते हेच. ती बाहेर बघत नसते रे, आत काहीतरी लावत असते. आम्ही दोघी थांबलो.

पहिला प्रश्न आला, "आई त्याने गेली?"

"हो."

"बाबांनाही आहे?"

"आहे. ते गोळ्या घेतात." घेतोस ना?

"मी मरणार आहे का?" हे तिने ताईंना विचारलं. माझ्यावर आता तिचा भरवसा नव्हता. ताई म्हणाल्या, गोळ्या नीट घेतल्यास तर इतरांसारखीच म्हातारी होशील, नोकरी करशील, वाटलं तर लग्नही. ते तिने ऐकून घेतलं. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं ही आता रडणार.

"म्हणजे मी ढ नाही?"

"नाही."

"तुला माहीत होतं?"

"थोडं होतं. चाचणीनंतर पूर्ण कळलं."

"बाई मला आळशी म्हणाल्या तेव्हा तू तिथे होतीस." एकेक शब्द सावकाश येत होता, त्यामुळे जास्त लागत होता. "तू गप्प बसलीस. मला वाटलं, तुलाही तसंच वाटतं."

आजाराचं तिने ऐकून घेतलं, हे मात्र तिला सहन झालं नाही. उठून दार आपटून बाहेर गेली. दार नीट लागलं नाही, तर परत येऊन पुन्हा आपटलं. समुपदेशकताई म्हणाल्या, "चांगलं आहे. रागावू द्या तिला." तुम्हाला काय जातंय, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. गोळी मात्र घेते. माझ्यासमोर घेते, तोंड उघडून दाखवते, जीभ उचलून दाखवते, आणि त्यात एवढा तोरा असतो की मला वाटतं, नको दाखवूस बाई, विश्वास आहे. पण म्हणत नाही.

तुला मला काही विचारायचं असेल तर आत्ता विचार. तुला काय वाटतंय तेही लिही. माझ्यावर चिडला असशील तर चिड.

ताई

१४ सप्टेंबर

पत्र नाही, फोन नाही. ठीक आहे. मी लिहिते. मला सवय लागली आहे, आणि इथे दुसऱ्या कुणाजवळ बोलता येत नाही.

रक्ताची तपासणी झाली. विषाणू खाली येतोय. तेच औषध चालू राहील. वाचताना सुस्कारा सोडला असशील तर बरं आहे, मीही सोडला.

शाळेची गोष्ट. डॉक्टरबाईंनी पत्र दिलं होतं की हिच्या हाताचा वेग कमी आहे, परीक्षेला जास्त वेळ द्यावा. आजाराचं नाव घातलं नव्हतं, घालणारही नाही म्हणाल्या. ते घेऊन मी मुख्याध्यापिकेकडे गेले. त्यांनी पत्र वाचलं, उलटून पाहिलं, मागे आणखी काही लिहिलंय का. "पण आजार कोणता?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग मी काय समजायचं? उद्या सगळेच पालक अशी पत्रं आणतील. कारण कळल्याशिवाय कसं करणार?"

त्यानंतर आणखी तीन वेळा गेले रे. एकदा बैठक होती, एकदा त्या रजेवर. तिसऱ्यांदा म्हणाल्या, वरून परवानगी मागवावी लागेल. वर म्हणजे कुठे ते त्यांनाही सांगता आलं नाही. गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी बडवलं. शिकाऊ मुलगी शेजारी बसली होती, तिला वाटलं तिचंच काही चुकलं. तिने इंडिकेटर लावला.

घरी येऊन भिंगरीला म्हटलं, नाव सांगून टाकू का? मग देतील. ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, "नाही. ते माझं आहे. इतकी वर्षं तुम्ही ठेवलं, आता माझ्याकडे राहू दे. कुणाला सांगायचं ते मी ठरवीन." मग म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

गेलो. मुख्याध्यापिका पुन्हा तेच सुरू करणार तोवर ही पुढे झाली. म्हणाली, "मॅडम, मला एक प्रश्न विचारा. कुठलाही. इतिहासातला."

त्यांनी विचारला. सोपा नव्हता. मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिलं. मी पाहिलं नाही, मला भीती वाटत होती. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. मुख्याध्यापिका पुढे काही बोलणार एवढ्यात ही बोलायला लागली, आणि मग थांबलीच नाही. आधी काय झालं, त्यामुळे पुढे काय झालं, आणि पुस्तकात दिलेलं कारण तिला का पटत नाही, तेसुद्धा.

"उत्तर येतं," ती शेवटी म्हणाली. "वेळ लागतो. एवढंच आहे."

मुख्याध्यापिका पत्राची घडी घालत बसल्या. शेवटी म्हणाल्या, अर्धा तास जास्त, ग्रंथालयात वेगळं बसायचं, आणि हे फक्त या परीक्षेपुरतं. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज. म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा हीच डोकेफोड. पण बाहेर आल्यावर भिंगरी जिन्यावरून कठडा न धरता उतरायला लागली. अर्ध्यात तोल गेला आणि धरावाच लागला. "च्यायला," म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. कुठून शिकली म्हणतोस? मी दिवसभर गाडी शिकवते.

ताई

२ नोव्हेंबर

तू येऊन गेलास.

न कळवता आलास, दारात उभा राहिलास, आणि मला तुला ओळखायला क्षणभर लागला. वाळला आहेस. केस गेलेत. मी जेवढं बोलायचं ठरवून ठेवलं होतं त्यातलं काही तुझ्याकडे बघून बोलवलं नाही. म्हणून आता लिहिते आहे, आणि हे शेवटपर्यंत वाच.

तू तिच्यासाठी हातात घालायची साखळी आणलीस. सुंदर होती. तिची कडी तांदळाच्या दाण्याएवढी. तिने ती डाव्या मनगटावर ठेवली आणि लावायला लागली. मी बघत होते, तिचं जवळजवळ जमत आलं होतं. आणि तू "आण इकडे" म्हणून हात ओढलास आणि खट्कन लावून दिलीस. प्रेमानेच केलंस. ती "थँक यू बाबा" म्हणाली. तिचा चेहरा तू पाहिला नाहीस, तू घड्याळात बघत होतास.

तू शाळेचं विचारलंस. ती उत्तर जुळवत होती, तोवर तू दुसरं विचारलंस. मग तिसरं. मग स्वतःच उत्तरं दिलीस. "आवडते ना शाळा? आवडणारच. मैत्रिणी असतील, हो ना?" गणितात ती यंदाही नापास झाली, भाषेत आणि इतिहासात वर्गातल्या पहिल्या काही मुलांत आली, आणि तरी बाईंनी प्रगतिपुस्तकात "अधिक लक्ष द्यावे" असंच लिहिलंय, हे सगळं तिला सांगायचं होतं. तुला मी सांगतेय.

मला माहीत आहे तुला घाई कसली होती. बसची नव्हती ती. तिने काही विचारू नये म्हणून तू बोलत होतास. मी तुला लहानपणापासून ओळखते. चोरी पकडली जायच्या आधी तू असाच बडबडायचास. पण तुला वाटतं तो प्रश्न तिच्याकडे नव्हताच. "तुम्ही का सोडून गेलात" हे ती विचारणार नव्हती. तिने समुपदेशकताईंजवळ त्यावर बोलून घेतलंय, काय बोलली ते मला सांगत नाही. बाबांना आई गेल्याचा दोष स्वतःवर घ्यायचा असेल तर घेऊ दे, एवढंच म्हणाली.

तू उठलास तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. तुला वाटलं, पोरीला माझं काही नाही. चेहऱ्यावर दिसलं मला. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास, "येतो" म्हणालास, आणि जिना उतरलास. तू पार खाली गेल्यावर ती वळली.

"गेले?"

"गेले."

"मला विचारायचं होतं."

मी गॅलरीत धावले. हाकही मारली. तू कोपऱ्यावरून वळला होतास. ऐकू आली असेल तर तुझं तुला माहीत.

मला एवढा राग आला की मी तुझा चहाचा कप बादलीत फेकला. तू आलास म्हणून नाही, इतके दिवस आला नाहीस म्हणूनही नाही. आणखी थोडा वेळ बसता आलं असतं तुला. तुझं बोलणं थांबवून नुसतं बसायचं होतं. शिकाऊ माणूस गाडी चौकात बंद पाडतो, मागे रांग लागते, शिव्या येतात, आणि मी काही न करता बसते. फार कठीण जातं. पण तेवढं केलं की गाडी तोच सुरू करतो.

मी विचारलं तिला, काय विचारायचं होतं गं? मला नाही सांगितलं. संध्याकाळी भाजी निवडताना आपणहून म्हणाली. भाजी निवडणं तिचं काम आहे, बोटांना सराव म्हणून, आणि ती इतकी हळू करते की आम्ही उशिरा जेवतो. म्हणाली, "बाबा फार बारीक झालेत. ते रोज गोळी घेतात का? मला त्यांना विचारायचं होतं. घेत नसतील तर का नाही, ते मला कळलं असतं. मी पण नव्हते घेत."

आत्तापर्यंत मी तुला पुष्कळ प्रश्न लिहिले. एकाचंही उत्तर दिलं नाहीस, आणि माझं मला आता काही हवंही नाही. याचं दे. मला नको पाठवूस. पाकिटावर तिचं नाव घाल आणि खरं काय ते लिही, घेत नसशील तर तसंच. मी ते फोडणार नाही.

तिला वाचायला वेळ लागेल. उलट उत्तर यायला त्याहून जास्त. तू घाई करू नकोस.

ताईचा आशीर्वाद